पाह्यासारखं काय हाय जी इथं?

समुद्रपूरला पाहुणा आला की आम्ही त्याला आधी पोटभर जेवू घालतो आणि मग समुद्रपूरच्या बाहेर नेतो. सेवाग्रामची बापूकुटी, पवनारचा आश्रम, वर्ध्याहून परतताना गोरसपाकाचे चार पुडे. पाहुणा हौशी आणि खिशानं बरा असेल तर ताडोबा. मुक्काम संपवून तो गावी जातो तेव्हा त्यानं दोन जिल्हे पाहिलेले असतात. समुद्रपुरात मात्र आमची मोरी, आमचं अंगण आणि गाडी वळवायची जागा, एवढंच. कधी एखादा भोळा जीव विचारतोच, "आणि इथं काय आहे बघण्यासारखं?" मग घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस ओशाळं हसून म्हणतं, "इथं पाह्यासारखं काय हाय जी? खेडंच हाय आपलं." तालुक्याचं ठिकाण, नगरपंचायत, कॉलेज, तहसील कचेरी, सगळं असून पाहुण्यापुढे आमचं गाव लगेच खेडं होतं.

या हिशेबानं तालुक्यातलं पहिल्या नंबरचं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे जामचा चौरस्ता. काश्मीरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा महामार्ग इथून जातो. जुनी माणसं त्याला अजून सात नंबरच म्हणतात. सरकारनं आकडा बदलला म्हणून रस्ता काही सरकला नाही, असं त्यांचं म्हणणं. चंद्रपूरचा फाटाही इथूनच फुटतो. पंजाबी, तामीळ, तेलुगू, सगळ्या भाषांत हॉर्न वाजतात. जामला उभा राहिलेला माणूस देशात कुठंही जाऊ शकतो, आणि समुद्रपूरची पंचाईत तीच आहे. जातोच.

मुंबईकडचा पाहुणा असेल तर तो गाडीतून उतरता उतरता विचारतो, "समुद्र कुठाय?" हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असा त्याचा चेहरा असतो, आणि आम्हीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसतो. आदरातिथ्य म्हणजे नुसती पाटवडी आणि रस्सा नव्हे. आता गाव समुद्रसपाटीपासून दोनशे-अडीचशे मीटर वर, आणि कुठल्याही किनाऱ्यापासून रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. पण यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला हंगेरीनं शिकवलं. त्या देशाला समुद्र नाही. तरीही १९२० पासून १९४४ पर्यंत तिथला कारभार होर्ती नावाच्या एका अ‍ॅडमिरलच्या हाती होता. बंदर गेलं, जहाजं गेली, गृहस्थ मात्र आरमारी गणवेश घालून राज्य करत राहिले. त्यांच्याकडे बालाटन नावाचं मोठं तळं आहे, त्यालाच ते लाडानं हंगेरीचा समुद्र म्हणतात. आणि त्या तळ्याकाठच्या बालाटनफ्युरेड नावाच्या गावात रवींद्रनाथांच्या नावाचा रस्ता आहे. १९२६ साली युरोपच्या दौऱ्यात टागोरांना हृदयाचा त्रास झाला, या गावच्या आरोग्यधामात उपचार झाले, बरं वाटलं तेव्हा त्यांनी तिथं लिंडनचं एक रोप लावलं. मग भारतातून जाणारे बडे पाहुणेही तिथं झाडं लावू लागले. एक आजारी माणूस आला आणि बरा होऊन गेला, एवढ्या भांडवलावर ते गाव जवळजवळ शंभर वर्षं पाहुणे बोलावतंय. आमच्याकडे आजारी माणूस आला तर आम्ही त्यालाही सेवाग्रामलाच नेतो.

हंगेरीचा हा सगळा अभ्यास शेजारच्या काकूंच्या नातीमुळे झाला. ती तिकडे शिकते. सुटीत आली तेव्हा क्योसेग नावाच्या गावाचं एक गुळगुळीत माहितीपुस्तक घेऊन आली. काकूंनी ते आधी फळीवर कागद म्हणून अंथरायला काढलं होतं. मी मधे पडलो.

क्योसेग म्हणजे ऑस्ट्रियाच्या सीमेला टेकलेलं, बारा हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. १५३२ साली तुर्कांचा सुलतान सुलेमान व्हिएन्ना घ्यायला निघाला आणि वाटेत या गावच्या गढीशी अडला. आत युरिशिच नावाचा किल्लेदार आणि सातआठशे माणसं, त्यांतली बरीचशी आसपासची शेतकरी मंडळी. बाहेर सुलतानाची अफाट फौज. तीनेक आठवडे मारामारी चालली. शेवटी तोड निघाली, तीही थेट ग्रामपंचायतीत निघते तशी: तटावर तुर्कांचं निशाण लागेल, म्हणजे गढी घेतल्याचं समाधान सुलतानाला, आणि सुलतान निघून जाईल, म्हणजे गढी राखल्याचं समाधान गावाला. ३० ऑगस्टला फौज हलली. या घटनेची आठवण म्हणून तिथं आजही रोज सकाळी अकराला घंटा वाजते. पर्यटक पावणेअकरालाच येऊन माना वर करून उभे राहतात.

हे मी आमच्या चौकातल्या पानठेल्यावर सांगायला घेतलं.

"तर सुलतान फौज घेऊन निघाला."

"कोन्या रस्त्यानं? जामवरून?"

"अरे, हंगेरीतली गोष्ट आहे."

"तिकडं बी चौरस्ता असंनच ना. त्याशिवाय तो वळला कुठून?"

"वळला नाही. वाटेतच होतं गाव."

"मंग सरळ बायपासनं काऊन नाही गेला?"

चौथ्यानं तोवर ठरवून टाकलं होतं की किल्लेदार आणि सुलतान आतून मिळालेले असणार, नाहीतर एवढ्या मोठ्या फौजेला तीन आठवडे लागतात कशाला. ठेलेवाल्याचं मत पडलं की निशाण लावू दिलं म्हणजे गाव हरलंच. दुसऱ्या बाजूनं आक्षेप आला की मग घंटा कुणाची वाजते? युरिशिचची बाजू घेणारे दोघं आणि सुलेमानाची घेणारे तिघं अशी दुफळी पडली, आणि अकराची घंटा राहिलीच.

क्योसेगमध्ये आणि आमच्यात खरा फरक इथं आहे. तिथं एक माणूस बोलतो आणि चाळीस माणसं ऐकतात. तीच गोष्ट, तेच आकडे, रोज अकरा वाजता, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. आमच्याकडे इतिहास एकट्याला सांगता येतच नाही. सांगणारा पहिलं वाक्य पुरं करतो न करतो तोच ऐकणारा दुसरं सुरू करतो, तिसरा दोघांनाही खोडून काढतो, आणि ज्याला हे ऐकवायचं तो पाहुणा सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन मोकळा होतो.

त्या पुस्तकात एका दरवाजाचाही फोटो आहे. वीरांचा मनोरा. दिसायला असा की आता आतून भाला घेतलेला शिपाई बाहेर येईल. खाली साल वाचलं तर १९३२. मूळचा दरवाजा त्याआधीच पाडला होता. वेढ्याला चारशे वर्षं झाली म्हणून गावानं त्याच जागी नवा जुना मनोरा बांधून घेतला. मला ही युक्ती फारच आवडली. आमच्याकडे १९३२ सालच्या बांधकामाला कुणी जुनं म्हणत नाही, पडकं म्हणतात, आणि हिस्सेवाटणी झाली की पाडतात.

इतिहासानं आमच्याकडे अगदीच पाठ फिरवली असं नाही. तो आला होता, पण वीसेक किलोमीटर अलीकडे हिंगणघाटला थांबला. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासला पहिली पायारेषा आखून हिंदुस्थान मोजायला घेतला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन, डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढून, कन्याकुमारीपासून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो वर वर सरकत होता. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना, सत्तरीच्या घरात, जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. पुढचं काम त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं, आणि १८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. लॅम्ब्टनला मिळालं हिंगणघाट. अख्ख्या देशाची समुद्रसपाटीपासूनची उंची ज्या कामातून निघाली, त्याचा मूळपुरुष समुद्रपूरपर्यंत पोचता पोचता राहिला. माणसाच्या मरणाबद्दल असं बोलू नये. पण प्रकृतीनं अजून एक मजल साथ दिली असती तर आमच्या तालुक्याच्या नकाशावर एक ठिपका वाढला असता. हिंगणघाटच्या एका मित्राला मी म्हटलं, कबर तुमच्याकडे राहू द्या, फलक तरी अर्धा आमच्याकडे लावू. तो म्हणाला, आधी आम्हीच पाहून येतो कुठाय ते.

पुस्तकातल्या एका पानाशी मात्र मी बराच वेळ थबकलो. क्योसेगच्या आसपास द्राक्षमळे आहेत. दरवर्षी २४ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, मळ्यांतून द्राक्षवेलीचे कोवळे फुटवे खुडून आणतात आणि एका वहीत त्यांची चित्रं काढतात: यंदा फूट किती, केवढी, कशी. ही वही १७४० सालापासून चालू आहे. लढाया आल्या, राज्यं बदलली, सीमा सरकल्या, वही चालू. ती पाहायला लोक तिकीट काढतात.

आता पीक दरवर्षी लिहून ठेवणं यात आम्हाला कुणी काय शिकवावं? सातबाऱ्यातला बारा म्हणजे दुसरं काय आहे? आणि २०२१ पासून तर ई-पीक पाहणी आलीय: शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून पऱ्हाटीचा फोटो काढायचा आणि मोबाइलवरून सरकारला पाठवायचा. रेंज सापडेस्तोवर धुऱ्यावर चढून, हात आभाळाकडे करून उभा असलेला शेतकरी हे दृश्य क्योसेगच्या चित्रकारापेक्षा कमी देखणं नाही. वर आमच्याकडे पैसेवारी आहे. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग डिसेंबरअखेर अंतिम. पन्नासच्या आत आली की दुष्काळाची भाषा सुरू होते, वर गेली की पीकपाणी बरं आहे असं समजायचं. ते लोक वेलीला किती फूट आली ते रंगवतात, आम्ही रुपयात किती पैसे पिकले ते ठरवतो. फक्त आमची वही पाहायला तिकीट काढून कुणी येत नाही. अर्ज करून येतात.

गिरडची गोष्ट वेगळी. गिरडला लोक येतात, लांबून येतात, आणि त्यासाठी त्यांना कुणी पुस्तक छापून पाठवलेलं नाही. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. सुफी परंपरेतल्या थोर बाबा फरीदांची कबर पाकपट्टणला, आता पाकिस्तानात गेलेल्या पंजाबात. पण त्यांनी तप केलं ते या टेकडीवर, ही इकडची श्रद्धा. चढताना टोपीवाले, टिळेवाले, नवसाचं मूल कडेवर घेतलेल्या सुना, सगळे एकाच पायऱ्यांवर एकाच दमानं धापा टाकतात. मला गिरड आवडतं ते तिथल्या दगडांसाठी.

वर्धा जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर रसेल नावाच्या अधिकाऱ्यानं केलेलं आहे, १९०६ सालचं. या दगडांची कथा त्या जमान्यापासून कागदावर आहे. दोन फिरते व्यापारी माल घेऊन टेकडीवरून चालले होते. त्यांनी बाबांची टिंगल केली. बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. व्यापारी पाया पडले, रडले, भाकले. तेव्हा बाबांनी झाडाखालचा वाळला पालापाचोळा उचलला आणि त्याचा नवा माल करून दिला. हे पाहून दोघं व्यापार सोडून बाबांच्या सेवेतच राहिले.

पर्यटकाला यात चमत्कार दिसेल. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला त्याहून मोठं काही दिसतं. नुकसान झालं आणि भरपाई जागच्या जागी मिळाली. बहात्तर तासांत कळवायची अट नाही, पंचनामा नाही, बँकेचं पासबुक नाही, आधार जोडलेलं आहे का म्हणून विचारणा नाही. हप्ता तर भरलेलाच नव्हता. पीकविम्याच्या अख्ख्या इतिहासात असा दावा निकाली निघालेला नाही.

दगड हातात घेतला तर सुपारीएवढा, गोलसर, वरून मातकट. फुटलेला सापडला तर आत पांढरट, काचेगत चमकणारे कण, कधी मधल्या बिंदूपासून पसरत गेलेल्या बारीक सुयांसारख्या रेघा. एकदा टेकडीवर मी उभा असताना एका कुटुंबात यावरून जुंपली. आजोबांचं म्हणणं, हे जायफळ. मावशी म्हणाल्या, सुपारी. धाकट्या काकांनी एक मोठा गोटा उचलून सिद्ध केलं की व्यापारी नारळाचे होते. सोबत एक विज्ञानाचे मास्तर होते. ते बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांना राहवलं नाही. म्हणाले, हा झिओलाइट. साडेसहा कोटी वर्षांमागे इथं लाव्हारस वाहिला, थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढं त्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्यातलं खनिज बसत गेलं. भोवतीचा काळा खडक झिजला, भरलेले गोळे तेवढे सुटे झाले. सगळ्यांनी आदरानं ऐकून घेतलं. मग आजोबा म्हणाले, "तेच सांगून राह्यलो ना मास्तर. आधी माल होता, मंग दगड झाला." मास्तरांनी खाली उतरताना दोन दगड खिशात टाकले. शाळेत दाखवायला, असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं.

दगडांचाच विषय निघालाय तर शेजारच्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा सांगितल्यावाचून राहवत नाही. हे गाव जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, आणि कशासाठी म्हणाल तर डायनासोरच्या शेणासाठी. दगड झालेल्या शेणाचे पो तिथल्या वावरांत सापडतात. २००५ साली त्यांच्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडले. तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं हे मानायलाच कुणी तयार नव्हतं. हे संशोधन 'सायन्स' या बड्या नियतकालिकात छापून आलं. शेणाला एवढी प्रतिष्ठा मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. क्योसेगच्या हाती हे लागतं तर त्यांनी त्याच्यासाठी मखमली पेटी केली असती आणि घंटा दोनदा वाजवली असती.

दाखवायला निघालोच तर माझं स्वतःचं मत वायगावला जातं. वायगाव हळद्या, आमच्याच तालुक्यातलं. नावातच हळद्या लागलेलं गाव, त्यामुळे तिथं काय पिकतं ते विचारायची सोय नाही. इथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे वायगावची हळद म्हणून दुसरीकडची हळद विकता येणार नाही. रंग गडद, वास उग्र, कुरकुमिनचं प्रमाण भरपूर. जानेवारीनंतर कधी जा. जमिनीतून खणून काढलेले गड्डे मोठाल्या कढयांत शिजत असतात आणि मातीचा, वाफेचा आणि हळदीचा मिळून एक वास शिवारभर पसरतो. घरी परत आल्यावर बायको दारातच सांगते कुठून आलात ते. शिजलेली हळद उन्हात पसरतात. आधी ती नरम, मळकी, कुणी फुकट दिली तरी घेऊ नये अशी. रोज ऊन खाऊन ती आतून घट्ट होत जाते. वाळली की नाही हे बघायला म्हातारी माणसं एक हळकुंड उचलून दोन्ही अंगठ्यांनी मोडतात. कट्ट असा आवाज आला पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून दोन ऊन. आणि मोडल्या जागी जो रंग दिसतो तो पाहून कळतं की बाजारातली पिवळी पूड म्हणून आपण इतकी वर्षं काय खात होतो. मग पिंपात घालून गरगरा फिरवतात, वरची साल निघते आणि हळकुंड लग्नाला निघाल्यागत चकचकीत होऊन बाहेर येतं. हे काम करणाऱ्यांच्या नखांचा पिवळा रंग पुढचे कितीतरी दिवस जात नाही. निवडणुकीच्या शाईला लाज वाटावी.

हंगेरीत कालोचा नावाचं गाव आहे, ते लाल मिरचीचं. त्यांच्या पाप्रिकाचं. तिथं पाप्रिकाचं संग्रहालय आहे! गंमत म्हणजे मिरची मुळात त्यांची नाही. अमेरिकेतून निघाली आणि तुर्कांच्या हातून तिथं पोचली, म्हणजे सुलतान येऊन काहीच देऊन गेला नाही असं नव्हे. त्याच देशातल्या सेगेद शहरातल्या सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञानं पुढं सांगितलेला किस्सा आहे. एका रात्री बायकोनं जेवणात ताजी पाप्रिका वाढली. यांना ती खायची नव्हती, आणि तसं तोंडावर म्हणायची छाती नव्हती. म्हणून प्रयोगशाळेत तपासतो असं सांगून ती घेऊन गेले. तपासली तर क जीवनसत्त्वाचा खजिनाच निघाला. १९३७ साली नोबेल मिळालं. आमच्याकडे नवरे निमूट जेवतात. विदर्भात विज्ञान मागे का राहिलं याचं एक कारण हेही असावं.

हळदीनंही जगाला कामाला लावलं आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. जखमेवर हळद लावणं! आपल्याकडे रांगतं पोर पडलं तरी आजी जे करते ते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेनं जुने ग्रंथ, जुने लेख पुढे ठेवून पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. म्हणजे लढाई आहे, विजय आहे, तारखा आहेत, पिवळाधमक रंग आहे. संग्रहालयाला याहून काय लागतं? मी हे वायगावच्या एका शेतकऱ्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो हळद उलथत होता. म्हणाला, "म्युझियम होवो जी, पन आंधी भाव होवो." अर्ध्या हळकुंडानं पिवळं कोण झालं होतं ते माझ्या लक्षात आलं, आणि मीही एक फावडं उचललं.

हंगेरीच्या छोट्या गावांचं निम्मं पर्यटन तळघरात चालतं, हे सांगायचं राहिलं. टोकायची गोड वाइन, एगरची लाल वाइन. पाहुणा पायऱ्या उतरून खाली जातो आणि बऱ्याच वेळानं धरून वर आणावा लागतो. त्या बाबतीत आमचा नाइलाज आहे. जिल्हा गांधी-विनोबांचा, गेली पन्नासेक वर्षं दारूबंदी. त्यामुळे हे एक पर्यटन आमच्याकडे उलट्या दिशेनं चालतं. पर्यटक इथून बाहेर जातात. नागपूर जिल्ह्याची सीमा जवळच आहे, आणि त्या सीमेबद्दल आमच्या काही मंडळींचं भौगोलिक ज्ञान लॅम्ब्टनपेक्षा अचूक आहे.

आणि वाघ. पुण्याहून आलेला आमचा एक पाहुणा कुटुंबासह ताडोब्याला गेला. जिप्सीचे पैसे, गाइडचे पैसे, प्रवेशाचे पैसे, पहाटे चारला उठणं. त्यांना सांबर दिसलं, चितळं दिसली, एका पाणवठ्यावर वाघाच्या पावलांचे ठसे दिसले आणि पुढच्या जिप्सीतले लोक दिसले, ज्यांना वाघ दिसला होता. परतताना मी त्यांना गिरडच्या रस्त्यानं आणलं. ताडोबा एका अंगाला, उमरेड-कऱ्हांडला दुसऱ्या अंगाला. वाघ या दोहोंच्या मधे ये-जा करतात ते आमच्या तालुक्याच्या रानांतून आणि वावरांतून. त्यांना जिप्सी लागत नाही. चहाच्या टपरीवर थांबलो. पाहुणा टपरीवाल्याला हळहळून सांगत होता की एवढा खर्च करून वाघ काही दिसला नाही.

बाजूच्या बाकावर एक शेतकरी बशीत चहा ओतून पीत होता. डोळे तारवटलेले. रात्रभर जागल केलेला माणूस लगेच ओळखू येतो. चण्यात रोही आणि रानडुकरं घुसतात, हाकलायला कुणीतरी जागं राहावंच लागतं.

"वाघ पाह्याचा हाय का?" त्यानं विचारलं. "परवाच्या राती माह्या तुरीत होता."

पाहुणा ताडकन उठला. "तुम्ही पाहिलात?"

"मी नाही पाह्यला. त्यानं मले पाह्यलं. मी टॉर्च बंद केला अन् मोटरीच्या खोलीत सकाळवर बसून राह्यलो."

"कसा होता? केवढा होता? फोटो काढला?"

त्यानं बशी खाली ठेवली आणि पाहुण्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. पाहुण्याच्या मुलांनी तोवर कॅमेरा बाहेर काढला होता. पाहुणा अजीजीनं म्हणाला, "काका, आम्हाला दाखवाल का? तुम्ही म्हणाल तेवढे पैसे देतो."

"पैसे कायचे? आपल्या घरचंच हाय." शेतकरी प्रसन्न झाला होता. "या हप्त्यात रातचीच लाइट हाय. बारा वाजता येते. तुमी साडेअकराले या, समदे या. मोटर सुरू कराले मले बी चार मानसं सोबतीले पाह्यजेच होती."